पुलाच्या पोटात काय आहे, ते लिहून कोण ठेवणार?

जुना काँक्रीटचा पूल पाडायचा ठरला की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक फोटोग्राफर येतो, दोन्ही काठांवरून फोटो काढतो, कठड्याच्या नक्षीचा क्लोजअप, दिव्याच्या खांबाचा क्लोजअप, उद्घाटनाच्या पाटीचा एक, हल्ली ड्रोनपण उडतो, मग या सगळ्याचा जाडजूड रिपोर्ट होतो, त्यावर सह्या होतात आणि सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. दस्तावेजीकरण पूर्ण. पुढच्या महिन्यात ब्रेकर लागतात.

फोटोंबद्दल माझी तक्रार नाही, फोटो हवेतच. पण काँक्रीटच्या पुलाचं असं दस्तावेजीकरण म्हणजे फळाची साल जपून ठेवायची आणि गर टाकून द्यायचा असं आहे, आणि तेही फळ सडल्यावर. पुलाची नोंद करायचीच असेल तर ती पूल चालू असताना करावी, त्याच्या पोटात काय आहे त्याची करावी, आणि ती सगळ्यांना वाचायला मिळावी, असं माझं मत आहे. हे वाटतं तितकं साधं नाही, म्हणून हा लेख.

लोखंडी ट्रसचा, म्हणजे पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेला पूल बघा. त्याचं सगळं बाहेर असतं. कुठली पट्टी कुठे जोडलीये, रिव्हेट किती, कुठल्या मेंबरमध्ये ताण आणि कुठल्यात दाब, जरा सवय असली तर काठावर बसून हाताने चित्र काढता येतं. दगडी कमानीचंही बरंचसं तसंच, दगड मोजता येतात. काँक्रीटचं मात्र सगळं आत. बाहेरून दिसते ती करडी कातडी, आणि पूल ज्याच्या जोरावर उभा आहे ती सळई, प्रीस्ट्रेस, म्हणजे आतल्या केबल ताणून काँक्रीट आवळलेलं असेल तर त्या केबल, केबलच्या नळीत भरलेला ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, दोन दिवसांच्या ओतकामांमधला सांधा, हे सगळं काँक्रीट पडलं त्या दिवशी डोळ्यांआड गेलं. त्या दिवशी कुणी जे लिहून ठेवलं तेवढंच पुढे कळणार, बाकी अंदाज.

मी पुलांच्या तपासणीच्या कामात बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा अंदाज म्हणजे काय असतो ते जवळून पाहिलंय. गर्डरखाली, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईखाली, मचाणावर आडवं पडून हातोडीने टकटक करत सरकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आणि जिथे आतली सळई गंजून फुगलीये आणि वरचा थर सुटलाय तिथे बद्द आवाज येतो. खडूने गोल मारायचा, पुढे सरकायचं. मग एखाद्या ठिकाणी टवका काढायचा आणि ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारायचा. आतलं काँक्रीट अजून धड असेल, म्हणजे अल्कधर्मी असेल, तर ते गडद गुलाबी होतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्क खाल्लाय तो वरचा थर तसाच करडा राहतो. करड्याची आणि गुलाबीची हद्द सळईपासून किती मिलिमीटरवर आलीये ते मोजायचं. हद्द सळईपर्यंत पोचली की सळईचं संरक्षण गेलं. हे मी दरवेळी मोजलं, फॉर्मवर लिहिलं, आणि दरवेळी विचारलं की मागच्या तपासणीत ही हद्द कुठे होती. एकदाही उत्तर मिळालं नाही. मागचा फॉर्म होता, त्यावर एक आकडा होता, 'स्थिती: समाधानकारक' असं होतं, पण मिलिमीटर नव्हते. आता नुसतं आजचं माप घेऊन काय करणार, गती कशी काढणार?

एका पुलाच्या ड्रॉइंगवर साध्या गोल सळया होत्या आणि टवका काढल्यावर आत चौकोनी, पीळ दिलेले गज निघाले. साइटवर ऐन वेळी जे मिळालं ते वापरलं असणार, आणि ड्रॉइंग सुधारायचं राहून गेलं असणार. त्या जुन्या गजाचा स्टील कसला, ताकद किती, सगळं मुळापासून तपासायला लागलं. असा पीळ दिलेला चौकोनी गज अर्नेस्ट रॅन्सम या इंजिनिअरने १८८४ मध्ये पेटंट केला आणि १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या अल्वर्ड लेक पुलात वापरला, अमेरिकेतला सगळ्यात जुना आरसीसी पूल म्हणून ज्याचं नाव घेतात तो हाच. गंमत म्हणजे तो पूल बाहेरून दगडी दिसावा म्हणून सजवलाय, आणि खालून जाताना वर गुहेत असतात तसे खोटे लोंबते दगड काँक्रीटमध्ये केलेत. म्हणजे नव्या मटेरियलचा पहिला मोठा नमुना, आणि त्याची कातडी सांगते मी गुहा आहे. फोटोवर विश्वास ठेवला तर गुहेचाच इतिहास लिहून होईल.

बरं, नुसती सळई कुठे आहे एवढं कळून भागत नाही, पूल कसा बांधला हेही कळायला लागतं, कारण बांधताना जे झालं त्याचा परिणाम पूल जन्मभर अंगावर वागवतो. स्वित्झर्लंडमध्ये शिअर्सजवळ रोबेर मायार या इंजिनिअरचा साल्गिनाटोबेल पूल आहे, १९३० चा, ९० मीटरची तीन बिजागरींची पोकळ कमान. जगभर त्याचे फोटो फिरतात, दरीवर फेकलेली पांढरी पट्टी. पण त्यातली खरी अक्कल फोटोत येत नाही. खाली रिचर्ड कोराय या सुताराने जो लाकडी सांगाडा उभा केला होता तो अख्ख्या कमानीचं वजन पेलायला केलेलाच नव्हता. आधी कमानीची खालची पातळ स्लॅब त्या लाकडावर ओतली, ती घट्ट झाल्यावर पुढचं वजन त्या स्लॅबने स्वतःच उचललं, त्यामुळे लाकूड कमी लागलं आणि खर्च वाचला, आणि खर्च वाचला म्हणूनच तो पूल त्या आडरानात होऊ शकला. लाकूड काढून नेलं की ही गोष्ट पुलावर कुठेच दिसत नाही. सांगाड्याचे फोटो आणि ड्रॉइंग राहिले म्हणून आपल्याला माहीत आहे.

याहून भारी गोष्ट युजेन फ्रेसिने या फ्रेंच इंजिनिअरची. फ्रान्समध्ये अलिए नदीवर त्याने १९११ च्या सुमारास ल व्हर्द्रचा पूल बांधला, तीन गाळ्यांचा, प्रत्येक कमान सत्तरेक मीटरची आणि अतिशय चपटी. कमान मोकळी करायची त्याची पद्धत वेगळी होती, माथ्यावर जॅक बसवून दोन्ही अर्ध्या कमानी एकमेकींपासून लांब ढकलायच्या, म्हणजे कमान आपोआप वर उचलली जाऊन खालच्या लाकडापासून सुटते. पूल सुरू झाला, सगळे खूश, आणि काही महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की कमानी हळूहळू खाली बसताहेत. लोड वाढलेला नाही, काही तुटलेलं नाही, तरी बसताहेत. तेव्हाची पुस्तकं सांगत होती की काँक्रीट असं वागत नाही. त्याने कुणाला न विचारता मोजकी माणसं घेऊन माथ्यावर पुन्हा जॅक लावले आणि कमानी वर उचलल्या. काँक्रीट कायमच्या लोडखाली वर्षानुवर्षं आकसत राहतं, ज्याला आपण क्रीप म्हणतो, ते त्याला तिथे उमगलं, आणि पुढे प्रीस्ट्रेसिंगची त्याची सगळी मांडणी त्या अनुभवावर उभी राहिली. आता तो पूल नाही, दुसऱ्या महायुद्धात गेला. पण समजा उभा असता आणि आपण त्याचा थ्रीडी स्कॅन केला असता, तर काय मिळालं असतं? तीन सुबक कमानी. जॅक नाही, घाबरलेला इंजिनिअर नाही, काही सेंटिमीटरचा तो उतार नाही.

हीच जॅकची पद्धत अटलांटिक ओलांडून ओरेगन राज्यात गेली. तिथला पुलांचा इंजिनिअर कॉन्डे मॅककलो याने गोल्ड बीचला रोग नदीवर १९३२ मध्ये सात कमानींचा पूल केला त्यात ती अमेरिकेत पहिल्यांदा वापरली. ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या हायवेवरचे त्याचे पूल लोकांना त्यांच्या टोकदार खांबांमुळे आणि कठड्यांवरच्या कमानींमुळे आवडतात, आणि आवडावेत असेच आहेत ते. पण मॅककलो आणि त्याचा सहकारी जेमेनी यांनी रोग नदीच्या कामाचा तांत्रिक अहवाल १९३३ मध्ये छापला नसता, तर त्या सात कमानी आणि शेजारच्या गावातल्या कुठल्याही सात कमानी यात फरक काय हे आज कुणाला सांगता आलं नसतं. बांधणाऱ्यांनी स्वतः, काम ताजं असताना, लिहिलेलं हे दस्तावेजीकरण आहे. पाडणाऱ्यांनी नेमलेल्या सल्लागाराने साठ वर्षांनी ते करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या व्यवस्थेबद्दल बोलू, कारण या बाबतीत जगात सगळ्यात शिस्तीचं काम बहुतेक त्यांचंच. हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनिअरिंग रेकॉर्ड नावाची योजना १९६९ पासून चालू आहे, नॅशनल पार्क सर्व्हिस, तिथली सिव्हिल इंजिनिअर्सची सोसायटी आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून केलेली. मोजमाप घेऊन काढलेली ड्रॉइंग, लिहिलेला इतिहास, आणि मोठ्या आकाराच्या फिल्मवरचे फोटो. कागद, शाई, फिल्म सगळं पाचशे वर्षं टिकेल असं हवं हा त्यांचा नियम. डिजिटल कॅमेरे घरोघरी आल्यावरही ते कित्येक वर्षं फिल्मवरच अडून बसले, लोक हसले, पण वीस वर्षांपूर्वीची सीडी आज उघडून बघा म्हणजे कोण शहाणं ते कळेल. आणि हे सगळं कुणालाही फुकट बघता येतं, वापरता येतं. याला मनापासून दाद.

पण याच व्यवस्थेत एक गोम आहे. १९६६ च्या वारसा कायद्याचं कलम १०६ म्हणतं की केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारं काम असेल तर ऐतिहासिक वास्तूवर काय परिणाम होईल याचा विचार करा. विचार करा म्हणतं, वाचवा म्हणत नाही. मग व्यवहारात काय होतं, तर पूल पाडायचा असेल तर 'नुकसानभरपाई' म्हणून त्याचं दस्तावेजीकरण करून द्यायचं आणि पुढे जायचं. म्हणजे नोंदीचा पैसा उभा राहतो तो बऱ्याचदा पूल पाडायचं ठरल्यावर. जिवंतपणी एक नवा पैसा नाही आणि तेराव्याला गावजेवण. आणि त्या घाईत, ठेकेदाराची तारीख डोक्यावर असताना, जे दिसतं तेच टिपलं जाणार, दुसरं काय होणार.

मॅककलोचाच वॉल्डपोर्टचा अल्सी बे पूल, १९३६ चा. समुद्राच्या खाऱ्या हवेने सळई गंजत गेली, काँक्रीट फुटत गेलं, शेवटी १९९१ मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि जुना पाडला. रेकॉर्डमध्ये त्याची नोंद आहे, तिथे छोटं माहिती केंद्रही आहे, सगळं रीतसर. पण खरं दस्तावेजीकरण पुढे झालं असं मी म्हणेन. एक पूल हातचा गेल्यावर ओरेगनच्या लोकांनी याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या पुलांसाठी, केप क्रीक, याक्विना बे वगैरे, वेगळी वाट धरली. काँक्रीटवर वितळलेल्या जस्ताचा फवारा मारायचा आणि जस्त आणि आतली सळई यांच्यात बारीक वीजप्रवाह सोडायचा, म्हणजे झीज जस्ताची होते आणि सळई वाचते. याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. आता यात मेख अशी की आतली प्रत्येक सळई दुसरीला विजेच्या दृष्टीने जोडलेली आहे का हे तपासायला लागतं, एखादी सुटी राहिली तर तिला संरक्षण मिळत नाही, उलट त्रासच होऊ शकतो. म्हणजे बाहेरचे टोकदार खांब वाचवायचे तर आतल्या सळईचा नकाशा हातात पाहिजे. वारसावाले आणि इंजिनिअर वेगवेगळ्या खोल्यांत बसून वेगवेगळे कागद करतात, पण पूल वाचतो तेव्हा दोघांच्या कागदांवर मिळून वाचतो.

आता ज्या प्रकरणामुळे मी या विषयाबाबत जरा चिडून बोलतो ते सांगतो. पॅसिफिकमध्ये पलाऊ नावाचा छोटा देश आहे. तिथे कोरोर आणि बाबेलदाओब या दोन बेटांना जोडणारा काँक्रीटचा पूल १९७७ मध्ये झाला, मधला गाळा २४१ मीटर, त्या प्रकारच्या प्रीस्ट्रेस बॉक्स गर्डरमध्ये, म्हणजे पोकळ पेटीसारख्या तुळईत, तेव्हाचा जागतिक विक्रम. पूल मध्यभागी खाली बसायला लागला. थोडंफार बसणार हे डिझाइनमध्ये धरलेलं असतंच, पण हा थांबेचना, अठरा वर्षांत ठरवलेल्या रेषेपासून १.६१ मीटर खाली. दीड मीटरच्या वर! डोळ्यांना दिसत होतं. मग दुरुस्ती झाली, जादा प्रीस्ट्रेस घातला, आणि दुरुस्तीनंतर तीनेक महिन्यांत, २६ सप्टेंबर १९९६ ला, पूल पाण्यात गेला. दोन माणसं गेली.

आणि मग कोर्टकचेरी, तडजोड, आणि तांत्रिक कागद सीलबंद. एवढा मोठा धडा आणि पुस्तक कुलपात. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचे झ्डेनेक बाझांट हे क्रीपमधले मोठे जाणकार, ते याच्या मागे लागले. नोव्हेंबर २००७ मध्ये बंगळूरला स्ट्रक्चरल इंजिनिअर्सची जागतिक परिषद भरली होती, तिथे ठराव झाला की मोठ्या पडझडींचे तांत्रिक कागद खुले करा, हा धंद्याच्या नीतीचा प्रश्न आहे. दोनच महिन्यांत पलाऊच्या अॅटर्नी जनरलनी परवानगी दिली. कागद हातात आल्यावर गणित मांडलं तर काय निघालं, की केबलमधला ताण कमी होण्याचा हिशोब डिझाइनमध्ये २२ टक्के धरला होता आणि प्रत्यक्षात तो साधारण ५० टक्के होता, आणि क्रीप काढायची जी सूत्रं जगभरच्या कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमावल्यांत, होती ती लांबच्या काळासाठी फार कमी आकडा देत होती. मग त्यांनी इतर देशांतल्या लांब गाळ्यांच्या पुलांच्या नोंदी धुंडाळल्या तर असेच बसत चाललेले पन्नासहून जास्त पूल सापडले. पन्नासहून जास्त! आणि हे सापडले कशामुळे, तर त्या त्या ठिकाणी कुणीतरी न कंटाळता दरवर्षी लेव्हल, म्हणजे पुलाची उंची, घेऊन वहीत लिहून ठेवली होती म्हणून. पूल पडल्यापासून कागद खुले होईपर्यंत अकरा वर्षं गेली, त्या अकरा वर्षांत जुन्या सूत्रांवर किती पुलांचं डिझाइन झालं असेल कुणास ठाऊक.

इटलीतल्या जेनोवाचं सगळ्यांना आठवत असेल. रिकार्दो मोरांदी या इंजिनिअरचा पूल, १९६७ चा, १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात एक टॉवर आणि त्याबरोबर रस्ता खाली, ४३ माणसं गेली. त्या पुलाचे ताणे, म्हणजे टॉवरवरून रस्ता धरून ठेवणाऱ्या तिरक्या दोऱ्या, स्टीलचे होते पण काँक्रीटच्या कवचात घातलेले, गंजू नयेत म्हणून. कवचाने स्टील झाकलं आणि त्याबरोबर गंजही झाकला. मोरांदीने स्वतः १९७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की समुद्राच्या हवेने काँक्रीट अपेक्षेपेक्षा लवकर खराब होतंय. एका टॉवरच्या ताण्यांना नव्वदच्या दशकात बाहेरून नव्या केबल लावल्या, म्हणजे रोग माहीत होता. पडला तो दुसरा टॉवर. इथे कागद नव्हते असं म्हणता येणार नाही, कागद होते. पण कागद असणं आणि तो योग्य माणसाने योग्य वेळी वाचणं यात जे अंतर आहे ना, ते भरण्याचं कामही दस्तावेजीकरणातच मोडतं असं मी मानतो. नाहीतर रिपोर्टचा गठ्ठा आणि रद्दीचा गठ्ठा यात फरक तो काय.

यावर लोक म्हणतात की हे सगळे नामांकित पूल झाले, विक्रमी, शंभरात एक. रोजच्या हायवेवरच्या साध्या स्लॅबच्या पुलाचं काय एवढं लिहायचं? अमेरिकेत २०१२ मध्ये त्यांच्या वारसा सल्लागार परिषदेने असंच काहीसं ठरवलं, की १९४५ नंतरच्या सर्वसाधारण प्रकारच्या काँक्रीट आणि स्टीलच्या पुलांचा प्रत्येकाचा वेगळा वारसा-विचार करायची गरज नाही, खास असतील ते वगळून. मी खरं सांगतो, यातली अडचण मला कळते. त्यांच्याकडे सहा लाखांच्या वर पूल आहेत, प्रत्येकावर प्रबंध लिहायचा म्हटलं तर रस्ते कधी करणार. पण साधा पूल म्हणून सोडून दिला की काय होतं याचंही उदाहरण आहे. वेल्समधला यनिस-इ-ग्वासचा पूल, १९५३ चा, अवघा अठरा मीटरचा एक गाळा, कुणी फोटोसाठी थांबणार नाही असा. डिसेंबर १९८५ मध्ये काही कल्पना नसताना पडला, नशिबाने वर कुणी नव्हतं. छोटे छोटे तुकडे जोडून केबलने आवळलेले, तुकड्यांमधल्या पातळ सांध्यांतून पाणी आणि मीठ आत गेलं आणि केबल गंजून तुटल्या, बाहेर एक भेग नाही, डाग नाही. त्या अठरा मीटरच्या धसक्याने पुढे ब्रिटनमध्ये त्या जातीचे, म्हणजे नळीत केबल घालून ग्राउट भरायचे, नवे पूल बांधायला १९९२ ते १९९६ बंदी होती. म्हणून खास कुठला आणि साधा कुठला हे बाहेरून ठरवायच्या फंदात पडूच नये. प्रबंध नको, पण प्रत्येक पुलाची एक जन्मपत्रिका तरी हवी. सळईची ड्रॉइंग बांधली तशी, ओतकामाच्या तारखा, क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजल्याचे, आकडे, कुठे काय बदललं, आणि पुढे झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद. दुरुस्ती कुठे झाली हे तर अजिबातच कुणी लिहीत नाही. वरून गिलावा मारला, रंग दिला, की पुढच्या माणसाला तिथे कधी काही झालं होतं हे कळायला हातोडी मारत बसावं लागतं.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानवाल्यांचा. आता लेझर स्कॅन आहे, मिलिमीटरपर्यंत अचूक, एका दिवसात अख्खा पूल कॉम्प्युटरवर, कशाला वह्या आणि फिल्म? स्कॅन मलाही आवडतो, हाताने टेप धरून माप घेतलेल्या माणसाला तर तो देवाची कृपा वाटतो. पण लेझर पृष्ठभागावरून परत फिरतो, आत जात नाही. रडार आत जातं, पण वरच्या सळया दाट असतील तर त्यांच्या मागे काय आहे ते त्याला धड दिसत नाही, आणि सळई दिसली तरी ती किती खाल्ली गेलीये हे ते सांगत नाही. लंडनचा हॅमरस्मिथ फ्लायओव्हर, १९६१ चा, डिसेंबर २०११ मध्ये अचानक बंद करायला लागला तो आतल्या केबल गंजल्याचं कळलं म्हणून. हातात सगळी आधुनिक साधनं असलेलं शहर, तरी तिथेही वायर तुटल्याचे आवाज ऐकणारे सेन्सर लावून पुलाच्या पोटाला कान लावायची वेळ आली. साधनं वाईट नाहीत. फक्त पन्नास वर्षांपूर्वी खुल्या असलेल्या नळीत कुणी डोकावून लिहिलेली एक ओळ जे सांगते, ते आजचं कुठलंही मशिन बंद काँक्रीटमधून काढून देत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, पुलाची ड्रॉइंग खुली केली तर घातपात होईल. अमेरिकेत २००१ नंतर बऱ्याच खात्यांनी या कारणाने कागद आत ओढले. याला मी पूर्ण वेडगळपणा म्हणणार नाही, पण पलाऊचा पूल कुणी उडवला नव्हता, जेनोवाचाही नाही, आणि गंजाला ड्रॉइंग बघायची गरज पडत नाही. चालू पुलाचे नाजूक तपशील काही वर्षं जबाबदार लोकांपुरते ठेवा, त्याची मुदत ठरवा, चालेल. मोजमापांचे आकडे, बसण्याच्या लेव्हल, पडलेल्या पुलांच्या चौकशीचे कागद, यात काय गुपित आहे? बहुतेक वेळा सुरक्षा पुलाची नसते, खुर्चीची असते.

माणसांचंही राहून जातं. ज्यांनी सळई बांधली, शटरिंग ठोकलं, रात्रभर पंप चालू ठेवला, त्यांना विचारायला कुणी जात नाही. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर राहतात, लाकडाच्या गाठी, खिळ्यांची डोकी, जवळून बघितलं तर सगळं वाचता येतं, एका पुलाखाली मला एका ठिकाणी फळ्यांची दिशा अचानक बदललेली दिसली. कागदावर काही नव्हतं. योगायोगाने त्या कामावरचा एक म्हातारा सुतार भेटला, म्हणाला तिथे पूर आला होता, अर्धं ओतकाम झालेलं, शटरिंग वाहून गेलं, आठ दिवसांनी मिळतील त्या फळ्या लावून उरलेलं पूर्ण केलं. आठ दिवस! म्हणजे तिथे जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा आहे, बरोबर जिथे नको तिथे. आम्ही तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढला आणि सांधा निघाला. एवढी मोलाची माहिती आणि ती जिवंत होती एका ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या डोक्यात. फोन काढून अर्धा तास रेकॉर्ड केलं असतं तर काय बिघडलं असतं कुणाचं, पण कुठल्याच फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

म्हणून मला विचाराल तर पूल बांधायच्या किंवा दुरुस्त करायच्या ठेक्यातच नोंदीचं कलम हवं, शेवटचं बिल नोंदी जमा झाल्याशिवाय निघू नये. तपासणीच्या फॉर्मवर शेरा चालू नये, माप हवं, आणि मागचं माप शेजारच्या रकान्यात छापलेलं हवं. पूल पाडायचाच झाला तर पाडणं हेच दस्तावेजीकरण करा, कारण आतलं सगळं बघायची ती एकच संधी. ब्रेकर लावायच्या आधी गर्डर कापून ठेवा, सळई किती खाल्ली ते मोजा, केबलची नळी उघडून ग्राउट पोचला होता का बघा, एखादा गर्डर मोडेपर्यंत लोड करा. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात वॉलनट लेन पुलासाठी बेल्जियन इंजिनिअर गुस्ताव्ह मान्येलच्या पद्धतीचा १६० फुटी प्रीस्ट्रेस गर्डर आधी सगळ्यांसमोर मोडेपर्यंत लादून दाखवला होता, तेव्हा कुठे अमेरिकन इंजिनिअरांचा प्रीस्ट्रेसवर विश्वास बसायला लागला. नव्या गर्डरची परीक्षा घेता, मग साठ वर्षं राबलेल्या गर्डरची घ्यायला काय हरकत आहे? त्याच्याकडे तर सांगण्यासारखं जास्त असणार.

एका जुन्या कमानीच्या पुलाची लेव्हलची वही मला एकदा एका कार्यालयाच्या माळ्यावर मिळाली होती. कडांना वाळवी लागलेली, पेन्सिलचं बारीक स्वच्छ अक्षर, दरवर्षी त्याच आठवड्यात घेतलेली कमानीच्या माथ्याची लेव्हल, अकरा वर्षं, शेजारी हवेचं तापमानसुद्धा. अकराव्या वर्षानंतर पानं कोरी, माणूस बहुतेक निवृत्त झाला. मी लेव्हल मशिन घेऊन पुलावर गेलो, म्हटलं बारावी ओळ आपण लिहू. वहीत संदर्भाचा बिंदू दिला होता, डाव्या टोकाच्या भिंतीवर फुटपाथच्या कडेला बसवलेला पितळी बोल्ट. दीड तास शोधला. मधल्या काळात तिथे दोनदा डांबर चढलं होतं आणि वर नवा कर्ब बसला होता, बोल्ट त्याच्या खाली कुठेतरी. डांबर चढवताना तो कुठे गेला हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि त्याच्याशिवाय त्या अकरा ओळींशी आजची ओळ जोडता येत नव्हती. मी दुसऱ्या टोकाच्या कठड्यावर नवा बोल्ट ठोकला, लेव्हल घेतली, कोऱ्या पानावर तारीख घातली, तापमान लिहिलं, आणि बोल्ट नेमका कुठे आहे त्याचं छोटं चित्र काढून दोन्ही बाजूंची मापं टाकली.